औषध लागू पडते तेव्हा

२०१६ च्या डिसेंबरात जपानमध्ये एका औषधाची चाचणी मध्येच थांबवावी लागली. औषध निकामी ठरले असे नव्हते. उलट ते फारच चांगले लागू पडत होते. चाचणीतल्या कुणा रुग्णाला गंभीर अपाय झाला होता, असेही नव्हते. घडले ते चाचणीबाहेर. तेच औषध स्वतःहून विकत आणून सहा महिने घेणाऱ्या एका रुग्णाच्या फुफ्फुसांच्या धमन्यांमधला रक्तदाब वाढल्याचे आढळले होते. हा विकार साधा नाही. फुफ्फुसांकडे रक्त ढकलता ढकलता हृदयाची उजवी बाजू थकत जाते आणि जिना चढतानाची धाप पुढे बसल्या जागीही लागू लागते. जपानच्या आरोग्य खात्याने त्याच महिन्यात देशभर इशारा दिला.

औषध म्हणजे निळ्या रंगाची एक भुकटी. चिनी वैद्यकात तिला छिंगदाय म्हणतात. रोग मोठ्या आतड्याचा, अल्सरेटिव्ह कोलायटिस. झाडपाल्याच्या औषधांवरून जे वाद झडतात त्यांत एक बाजू म्हणते, 'गुण नाही आला तरी अपाय तर नाही ना?' दुसरी म्हणते, 'सगळे थोतांड.' या भुकटीची हकिगत दोघांनाही अडचणीची आहे. मला तर वाटते की यांचे भांडण वरवरचेच आहे, आतून एका गोष्टीवर त्यांचे एकमत आहे. पाल्यात फारसा दम नसतो, असे दोघेही धरून चालतात. म्हणून एकाला तो निर्धोक वाटतो आणि दुसऱ्याला निरुपयोगी.

आधी रोगाविषयी. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते आणि त्यावर व्रण पडतात. सूज गुदाशयापासून सुरू होते आणि सलग वर चढते. दिवसातून आठ-दहा वेळा शौचाला जावे लागते, रक्त आणि आव पडते, मुरडा येतो, वजन उतरते. कुठेही निघायचे तर वाटेत शौचालय कुठे आहे याचा हिशेब आधी करावा लागतो. पुष्कळांना हा रोग ऐन विशी-तिशीत गाठतो, म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न अशा सगळ्या गोष्टी एकदम समोर असतात तेव्हा. क्रोन्स हा याचाच भाऊबंद. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. दोन्हींमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते. गोळीने कायमचा बरा होईल असा हा रोग नाही. मेसालामाइनने सुरुवात होते, भडका उडाला की स्टेरॉइड, मग प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या, मग महागडी बायोलॉजिक इंजेक्शने आणि काहीच लागू पडले नाही तर मोठे आतडे काढून टाकायचे. हा गोऱ्यांचा रोग, असे एके काळी म्हटले जाई. आता तसे म्हणता येत नाही. आशिया-प्रशांत भागातल्या शहरांची एकत्र पाहणी झाली तेव्हा हैदराबादमध्ये दर लाख लोकांमागे वर्षाला या दोन्ही रोगांचे मिळून नऊच्या वर नवे रुग्ण निघाले आणि त्या पाहणीत ते प्रमाण सर्वांत वरच्यांपैकी होते.

अशा रुग्णाला कुणी 'आमच्याकडचा काढा घेऊन बघ' म्हटले तर तो का बघणार नाही? पुढच्या महिन्यात आतडे काढायचे ठरले आहे आणि समोर बशीत निळी भुकटी आहे, अशा वेळी भुकटीकडे हात गेला तर त्याला अंधश्रद्धा म्हणणे मला पटत नाही.

भुकटी करण्याची रीत जुनी आहे. चीनच्या फुजिआन प्रांतात ती स्ट्रोबिलँथिस कुसिया नावाच्या झुडपाच्या पानांपासून करतात. आपल्या सह्याद्रीतल्या कारवीच्याच वंशातले हे झुडूप. पाने दोन-तीन दिवस पाण्यात कुजवतात, चोथा काढून टाकतात, त्या पाण्यात चुना घालून घुसळतात. हिरवट काळे पाणी लालसर जांभळे होऊ लागले की वर येणारा फेस काढून वाळवतात. त्याच पाण्यातून कापड रंगवायची नीळ निघते. औषध हा तिच्यावरचा फेस. या भुकटीत मोठा वाटा चुन्याचाच असतो. चिनी औषधकोशाची अट आहे ती इंडिगो किमान २ टक्के आणि त्याचा लाल भाऊ इंडिरुबिन किमान ०.१३ टक्के असावे, एवढीच. किमान किती ते ठरलेले आहे, पण एका दुकानातल्या पुडीत किती आणि दुसऱ्या दुकानातल्या पुडीत किती, हे त्यावरून कळत नाही.

'हजारो वर्षांचा अनुभव' या बचावाला मी तुच्छ लेखत नाही, पण तो इथे कितपत लागू आहे ते पाहायला हवे. शौचातून रक्त पडण्यावर चिनी वैद्यकात औषधे आहेतच. इसवी सन २०० च्या सुमाराच्या चांग चुंगचिंगच्या ग्रंथात रक्ती आवेवर चार वनस्पतींचा एक काढा दिलेला आहे आणि तो आजही वापरात आहे. मात्र त्या काळच्या वैद्यापुढे रक्त पडत असलेले जे रुग्ण येत, त्यांतल्या बहुतेकांना जंतूंची हगवण असणार. तो जंतू १८९७ मध्ये जपानच्या कियोशी शिगा यांनी शोधला. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा वेगळा रोग आहे ही जाण त्याआधी थोडीच वर्षे, १८५९ मध्ये लंडनच्या सॅम्युएल विल्क्स यांच्या नोंदीपासून सुरू होते. जंतूंची हगवण झालेला धट्टाकट्टा माणूस आठवडाभरात बहुधा आपोआप बरा होतो आणि श्रेय काढ्याला मिळते. कोलायटिसचा रुग्ण महिनोन्‌महिने चढ-उतार सोसतो. उतार पडला की तेव्हा चालू असलेल्या औषधाची कीर्ती होते आणि रोग उलटला की पथ्य मोडल्याचा ठपका रुग्णावर येतो. परंपरेच्या वहीत दोन निरनिराळे रोग एकाच पानावर लिहिलेले आहेत. ते पान प्रामाणिकपणे लिहिलेले असेल, पण त्यावरून कोलायटिसचे काही ठरत नाही.

दुसरे असे की छिंगदाय परंपरेत मुख्यतः आतड्याचे औषध नव्हतेच. ताप, तोंड येणे, घशाचे व्रण, कातडीवरचे चट्टे ही त्याची जुनी कामे. शीलेइसान नावाचे एक चूर्ण घशातल्या व्रणांवर फुंकत असत. त्यात छिंगदायबरोबर मोती, कापराच्या जातीचे एक द्रव्य, हस्तिदंताचा कीस आणि माणसाची नखेसुद्धा असत. घशातले व्रण भरतात तर गुदाशयातले का भरू नयेत, असा तर्क करून विसाव्या शतकात चिनी डॉक्टर ते बस्तीतून देऊ लागले. हस्तिदंत आणि नखे वाचून हसू येईल, पण तर्क टाकाऊ नव्हता आणि त्या चूर्णात एक खरेच प्रभावी द्रव्य होते. म्हणजे कोलायटिसवरचे छिंगदाय ही विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या डॉक्टरांची करामत आहे. दोन हजार वर्षांच्या पुण्याईवर तिला जगता येणार नाही.

आता चाचणी. जपानमध्ये आधी मोजक्या, कशालाच दाद न देणाऱ्या रुग्णांवर छिंगदायचे प्रयोग झाले आणि निकाल चकित करणारे आले. मग माकोतो नागानुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक रुग्णालये मिळून रीतसर चाचणी उभी केली. ८६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी चार गटांत वाटणी केली. एकाला दिसायला तशीच पण औषध नसलेली कॅप्सूल आणि बाकीच्यांना रोज अर्धा, एक किंवा दोन ग्रॅम छिंगदाय, आठ आठवडे. या रोगात औषधाविना दिलासा मिळणारेही असतात. अशा अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या तर खोट्या गोळीवर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना आराम वाटतो आणि दहातला एखादा पूर्ण उतारावर येतो. म्हणून आकडे नेहमी त्या गटाशी ताडून पाहायचे. खोटी कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी १३.६ टक्क्यांना गुण आला. अर्ध्या ग्रॅमवाल्यांपैकी ६९.६ टक्क्यांना, एक ग्रॅमवाल्यांपैकी ७५ टक्क्यांना आणि दोन ग्रॅमवाल्यांपैकी ८१ टक्क्यांना. दुर्बिणीतून आतडे पाहिले तेव्हा अस्तर भरून आलेले खोट्या कॅप्सूलच्या गटात १३.६ टक्के, एक ग्रॅमच्या गटात ६० टक्के. नामांकित कंपन्यांच्या औषधांच्या चाचण्यांतही इतके अंतर सहसा दिसत नाही. चाचणी लहान होती, अकाली संपली आणि अशा चाचण्यांत फरक फुगून दिसू शकतो, हे सगळे खरे. तरी हा केवळ मनाचा खेळ आहे असे म्हणणाऱ्याने आतड्याच्या अस्तराची ती चित्रे डोळ्यांआड केली आहेत.

मग हे घडते कसे? आपल्या पेशींत एएचआर नावाचा एक ग्राहक असतो. बाहेरून आलेली काही विशिष्ट आकाराची रसायने त्याला चिकटली की तो पेशीच्या केंद्रकात जाऊन कित्येक जनुके चालू करतो. शास्त्रज्ञांना तो माहीत झाला डायॉक्सिनमुळे, म्हणजे एका अत्यंत विषारी रसायनाची बाधा नेमकी कोणत्या वाटेने होते याचा शोध घेताना. पुढे कळले की भाज्यांमधली आणि आतड्यातल्या जंतूंनी तयार केलेली काही द्रव्येही याच ग्राहकाला चिकटतात आणि त्यामुळे आतड्याचे अस्तर सांधणारे संदेश सुटतात. इंटरल्युकिन-२२ हा त्यातला महत्त्वाचा. इंडिगो आणि इंडिरुबिन या ग्राहकाला जोराने चेतवतात. निळ्या फेसाने आतडे भरून येण्याचे हे सर्वांत पटणारे कारण.

आणि फुफ्फुसांच्या धमन्यांचे काय? २०२१ मध्ये जपानी संशोधकांनीच प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवले की धमन्यांच्या त्या विकारातही याच एएचआरचा हात आहे. म्हणजे ज्या वाटेने आतडे भरते त्याच वाटेने धमनी आखडते. सगळा वाद मला इथे येऊन थांबलेला दिसतो. औषधातला चांगला अंश आणि वाईट अंश असे दोन वेगळे अंश असते, तर वाईट गाळून टाकता आला असता. 'मूळ वनस्पती शुद्ध, भेसळ झाली म्हणून त्रास झाला' असेही म्हणता आले असते. भेसळीचे किस्से खोटे नाहीत. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन उतरवण्याच्या कॅप्सूलमध्ये एका चिनी वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया आली आणि शंभरावर बायकांच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली. छिंगदायच्या बाबतीत मात्र शुद्ध मालानेच दोन्ही कामे केली. भुकटी जितकी अस्सल तितका गुण आणि तितकाच धोका.

जपान्यांनी पुढे जे केले त्याचे मला फार कौतुक वाटते. इशारा देऊन ते स्वस्थ बसले नाहीत. देशभरातल्या रुग्णालयांना विचारून छिंगदाय घेणारे ८७७ कोलायटिसचे रुग्ण त्यांनी शोधले. त्यांतल्या ९१ जणांना काही ना काही त्रास झाला होता. सर्वांत जास्त तक्रारी यकृताच्या, त्याही बहुतेक सौम्य. धमन्यांचा विकार ११ जणांना. म्हणजे साधारण ऐंशी जणांमागे एक. औषध बंद केल्यावर यांतल्या अनेकांची तब्येत सुधारली, ही जमेची बाजू.

आता हा आकडा जुन्या काळच्या एखाद्या वैद्याच्या नजरेतून पाहा. त्याच्या हयातीत छिंगदाय महिनोन्‌महिने घेणारे ऐंशी रुग्ण झाले, असे धरू. त्यांतल्या एखाद्या बाईला काही महिन्यांनी जिना चढताना धाप लागू लागली. ही धाप आणि पोटाच्या त्या भुकटीचा संबंध तो जोडेल कसा? ती तर आतड्याने बरी झाली, वैद्याचे गुणगान करत गेली. पुढे वर्षभराने तिचे हृदय थकले, तेव्हा ती दुसऱ्याच कुणाकडे गेली असणार. गुण लवकर आणि नजरेसमोर येतो, अपाय उशिरा आणि दुसऱ्याच दारात जाऊन उभा राहतो. म्हणून परंपरेच्या स्मरणात गुण टिकतात आणि असे अपाय पुसले जातात. यात वैद्याचा लबाडपणा मुळीच नाही. एका माणसाच्या आठवणीला हे काम झेपणारेच नाही. त्यासाठी शेकडो डॉक्टरांच्या नोंदी एका जागी आणाव्या लागतात. परंपरा जुनी आहे म्हणून सुरक्षित आहे, हा युक्तिवाद इथेच कोसळतो, कारण जे तिला दिसूच शकत नव्हते त्याची ग्वाही ती देऊ पाहते.

आधुनिक औषधांनाही हीच कसोटी लावायला हवी आणि लावली की तीही काही धुतल्या तांदळाची निघत नाहीत. कोलायटिसवर २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या टोफासिटिनिबच्या गोळीवर पुढच्या तीन वर्षांतच रक्ताच्या गुठळ्या आणि हृदयविकाराबद्दल तिथल्या औषध प्रशासनाला ठळक इशारा छापायला लावावा लागला. फरक इतकाच की ती गोळी बाजारात आल्यावरही मोजणी चालू ठेवणे कंपनीला भाग होते. कोलायटिसवरच्या सर्वांत जुन्या गोळीची, सल्फासालाझिनची, कथाही गमतीची आहे. स्वीडनच्या नाना स्वार्ट्‌झ यांनी ती सांधेदुखीसाठी घडवून घेतली, ती आतड्याला लागू पडली आणि तिचे रसायन रंगांच्या कारखान्यातल्या ॲझो रंगांच्या घराण्यातले. कोलायटिसचे जुने आधुनिक औषध नारिंगी रंगाचे आणि नवे पारंपरिक औषध निळ्या. या योगायोगाला फारसा अर्थ नाही, पण 'केमिकल' आणि 'नैसर्गिक' यांच्यामधली भिंत किती पोकळ आहे, ते त्यातून दिसते.

सगळ्याच चिनी वनस्पतींच्या वाट्याला छिंगदायसारखे यश आलेले नाही. मराठी वाचकाला जवळची असलेली एक गोष्ट सांगायला हवी. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात ताप आला, जंत झाले की जे कडूजहर ओले किराईत उकळून पाजतात, तेच चिनी वैद्यकात छुआनशिनलिआन म्हणून घेतले जाते. हिंदीत त्याला कालमेघ म्हणतात. सुक्या काड्यांचे काडेचिराईत वेगळे. हाँगकाँगच्या हचिसन समूहातल्या एका कंपनीने किराईताचा प्रमाणित अर्क काढून कोलायटिसवर तपासायला घेतला. आधीची एक चाचणी मेसालामाइनशी तुलना करणारी होती आणि त्यात दोघे जवळपास सारखेच निघाले. मग २०१३ मध्ये २२४ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. रोज १८०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांना गुण आला, खोट्या गोळीवर ४० टक्क्यांना. १२०० मिलिग्रॅमवाले ४५ टक्क्यांवरच अडकले. अंगावर पुरळ उठण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत जास्त होते. एवढ्या बळावर नेस्लेसारखी बडी कंपनी भागीदार म्हणून आली, तिसऱ्या टप्प्याच्या मोठ्या चाचण्या सुरू झाल्या आणि २०१४ मध्ये मधल्या तपासणीत त्या पुढे चालवण्यात अर्थ नाही असे दिसल्यावर थांबवल्या गेल्या.

या अपयशाला मी झाडपाल्याची बदनामी समजत नाही. दुसऱ्या टप्प्यात चमकलेली कितीतरी शुद्ध रासायनिक औषधे तिसऱ्या टप्प्यात अशीच गळून पडतात. किराईताला पहिल्यांदाच औषधासारखे वागवले गेले, म्हणजे त्याला हरण्याची संधी दिली गेली. ज्याला हरताच येत नाही, त्याचे जिंकणेही मी मानत नाही.

चीनमधल्या संशोधनाची मोठी अडचण हीच. तिथल्या नियतकालिकांत काढ्यांच्या बाजूने निकाल देणाऱ्या कोलायटिसच्या चाचण्यांचा ढीग आहे. पण 'चिठ्ठ्या टाकून गट पाडले' म्हणजे नेमके काय केले, हे तिथल्याच संशोधकांनी एकदा दोन हजारांहून अधिक चाचण्यांच्या लेखकांना फोन करून विचारले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत २,२३५ चाचण्यांपैकी फक्त २०७ खऱ्या अर्थाने तशा निघाल्या. बाकीच्यांत गट खऱ्या अर्थाने चिठ्ठ्या टाकून पाडलेलेच नव्हते. यात चिनी वैद्यकापेक्षा दोष जास्त आहे तो पदोन्नतीसाठी निबंध मोजणाऱ्या पद्धतीचा, आणि ती आपल्याकडेही आहे. पण असे शंभर निबंध एकत्र करून काढलेली सरासरी म्हणजे शंभर वाकड्या तराजूंवर तोललेल्या मालाची बेरीज.

चिनी वैद्यांचा एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. ते म्हणतात, 'आम्ही रोगाला औषध देत नाही, रुग्णाला देतो. नाडी, जीभ, प्रकृती पाहून प्रत्येकाचा काढा वेगळा. तुमची एकच कॅप्सूल सगळ्यांना देणारी चाचणी आम्हाला लागूच नाही.' आपले आयुर्वेदाचार्यही हेच सांगतात. पण ही अडचण सोडवता येते आणि सोडवली गेली आहे. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात ॲलन बेन्सूसान यांनी ११६ रुग्णांचे तीन गट केले. एकाला ठरावीक चिनी मिश्रण, दुसऱ्याला प्रत्येकाची प्रकृती पाहून बनवलेले, तिसऱ्याला खोटे. रोग वेगळा होता, सूज नसलेला पण पोट बिघडवणारा इरिटेबल बॉवेल; तरी चाचणीची रचना इथे महत्त्वाची. दोन्ही खरे गट खोट्यापेक्षा सरस ठरले. औषध चालू असताना प्रकृतीनुसार केलेला काढा ठरावीक मिश्रणाहून वरचढ ठरला नाही. औषध थांबल्यावर काही आठवड्यांनी मात्र त्याचा गुण टिकून राहिल्याचे दिसले. यावरून कुणी जिंकले असे मी म्हणणार नाही. पण 'आमचे तपासता येत नाही' हे वाक्य १९९८ नंतर कुणी उच्चारू नये. कोलायटिसमध्ये तर ते अधिकच लंगडे, कारण व्रण भरला की नाही हे दुर्बीण सांगते; तिथे नाडी कुठल्या पद्धतीने पाहिली याचा प्रश्न येत नाही.

क्रोन्सची बाजू थोडक्यात. शस्त्रक्रियेनंतर रोग पुन्हा उलटू नये म्हणून चीनमध्ये लेइगोंगतेंग नावाच्या वेलीचा अर्क वापरून पाहिला गेला आहे. प्रतिकारशक्ती दाबण्यात ही वेल खरोखर जोरदार आहे, आणि इतकी विषारी की १९८० च्या दशकात पुरुषांच्या गर्भनिरोधकासाठी तिचा अभ्यास झाला. बायकांची पाळी थांबते, यकृत-मूत्रपिंडाला इजा होते. क्रोन्सचे रुग्ण बहुतेक तरुण असतात, एवढे सांगितले की पुरे.

आणि हळद. इस्राएल आणि ग्रीसमधल्या ४२ रुग्णांवर हळदीतले कर्क्युमिन आणि छिंगदाय एकत्र देऊन झालेल्या चाचणीतही निकाल फार चांगले आले. ते वाचून कुणी रोज चमचाभर हळद फाकायला लागेल, म्हणून सांगतो: हळदीच्या पुडीत कर्क्युमिन जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास असते आणि त्या गोळ्यांत जाते ते वेगळे काढलेले. सांगलीची हळद आमटीत घालावी. तिच्या भरवशावर मेसालामाइन सोडू नये.

आपल्याकडे मोजणीची काय अवस्था आहे ते २०२१ मध्ये दिसले. करोनाच्या साथीत गुळवेलीचे काढे घराघरांत सुरू झाले होते. मुंबईतल्या डॉक्टरांनी त्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद शोधनिबंधात दिली. सहा रुग्णांवरून काही सिद्ध होत नाही, पण हा धोक्याचा पहिला निरोप असू शकतो. जपानमध्येही सुरुवात एका रुग्णापासून झाली. जपानच्या खात्याने त्या एका रुग्णावरून देशाला सावध केले. आपल्या आयुष मंत्रालयाने निबंध दिशाभूल करणारा आहे असे पत्रक काढले. गुळवेल ओळखण्यात चूक झाली असेल, भलतीच वेल आली असेल, मंत्रालयाचे हे म्हणणे खरे असू शकते. पण भलती वेल घरात येऊ शकते हाही सुरक्षिततेचाच प्रश्न आहे. तो मिटवायचा तर वेल आणि रुग्ण दोन्ही तपासावे लागतात.

डॉक्टरांचीही एक चूक आहे आणि ती नुसत्या उद्धटपणाची नाही. पोटाच्या डॉक्टरकडे जाणारा रुग्ण 'आणखी काय घेता?' या प्रश्नाला बहुधा 'काही नाही' म्हणतो, कारण खरे सांगितले तर बोलणी खावी लागतात. मग यकृताचे आकडे वाढले की मेसालामाइनवर किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या ॲझाथायोप्रीनवर आळ येतो, चांगली लागू पडलेली गोळी बंद होते आणि पुडीचा अपाय कुठेच नोंदला जात नाही. जपानमध्ये ८७७ रुग्ण सापडले, कारण छिंगदाय घेतल्याचे ते सांगू शकले आणि ते लिहून घेणारे कुणीतरी होते. रुग्णावर खेकसणारा डॉक्टर विज्ञानाची बाजू घेतोय असे समजतो. प्रत्यक्षात तो विज्ञानाची वही फाडत असतो.

छिंगदायबद्दलचे खरे प्रश्न आता मात्रेचे आहेत. अर्ध्या ग्रॅमनेही सत्तरीच्या जवळपास गुण येत असेल तर दोन ग्रॅमचा हट्ट कशाला? आठ आठवडेच दिले आणि सुरुवातीला व शेवटी हृदयाची सोनोग्राफी केली तर धमन्यांचा धोका किती उरतो? इंडिरुबिनचे प्रमाण नक्की असलेली गोळी बनवता येईल का? ही उत्तरे मिळवायला हजारो रुग्ण आणि काही वर्षे हवीत, आणि पैसे. शतकानुशतके वापरात असलेल्या पानाचे पेटंट मिळणे कठीण, त्यामुळे कंपन्या तिकडे फिरकत नाहीत. त्या एएचआर याच ग्राहकाला चेतवणारे नवे रेणू शोधतात. टापिनारोफ हा तसा एक. सोरायसिसवरचे मलम म्हणून त्याला २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

उरले सरकार. चीनने २०१८ मध्ये शंभर प्राचीन योगांची यादी काढली आणि त्यांच्यापासून तयार होणाऱ्या औषधांना परिणामकारकतेच्या चाचणीतून सूट दिली. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात चिनी वैद्यकाच्या निदानांचे वेगळे प्रकरण आले आणि त्या पाठोपाठ आयुर्वेद, सिद्ध, युनानीनेही तिथे जागा मिळवली. मानमरातब मिळवायला दोन्ही देशांनी राजनैतिक ताकद लावली. त्याच्या अंशाइतकी ताकद अर्ध्या ग्रॅमच्या एका मोठ्या चाचणीमागे बीजिंगने लावली किंवा आयुर्वेदात आवेवर देतात त्या कुड्याच्या सालीमागे दिल्लीने लावली, तर मी या दोन्ही सरकारांबद्दल वेगळे लिहीन.